गाल्दोसच्या नायिका खऱ्या वाटतात का? आधी गोष्ट कोण सांगतोय ते बघा

तुमचा प्रश्न असा की एकोणिसाव्या शतकातल्या स्पॅनिश कादंबऱ्यांमधल्या नायिका, ज्या बहुतेक पुरुषांनीच लिहिल्यात, त्या खऱ्या बायका वाटतात की पुरुषाच्या डोक्यातल्या, आणि बेनितो पेरेस गाल्दोसला बायकांचं मन जाणणारा लेखक म्हणून जे डोक्यावर घेतात ते कितपत बरोबर आहे. मी ही पुस्तकं बरीच वर्षं वर्गात शिकवते, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवते.

माझं मत असं आहे की गाल्दोसची बाई खरी वाटते, पण "त्याला स्त्रीमन कळत होतं" म्हणून नाही. हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या प्रस्तावनेत असतं आणि त्यातून हाताला काही लागत नाही. त्याला जे पक्कं माहीत होतं ते म्हणजे पुरुष बायकांबद्दल आपसात कसं बोलतात. त्याच्या सगळ्यात चांगल्या कादंबऱ्यांमध्ये गोष्ट सांगणारा निवेदक हा त्याच कॅफेत बसणारा, त्याच घरांमध्ये जेवायला जाणारा एक गृहस्थ असतो, गप्पिष्ट, थोडा चावट, स्वतःवर खूश. नायिका आपल्याला त्याच्या तोंडून कळते. आणि त्याच्या सांगण्यात जे बसत नाही, उरतं, तिथे ती बाई सापडते. म्हणून "ही कशी आहे" हे विचारायच्या आधी "हे मला कोण सांगतोय आणि त्याला यात काय मिळतंय" हे विचारायचं.

माणसाबद्दल दोन शब्द. जन्म १८४३, कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास, १८६२ ला कायदा शिकायला माद्रिदला आला, कायदा बाजूला राहिला आणि शहर शिकला. लग्न कधीच केलं नाही, पण बायका आयुष्यात पुष्कळ, एक मुलगीही झाली. गेला १९२० मध्ये, शेवटची वर्षं आंधळेपणात काढून. पुस्तकांची नावं बघा, दोन्या पेर्फेक्ता, मारियानेला, फोर्तुनाता इ हासिंता, त्रिस्ताना. कव्हरवर बाईचं नाव टाकायची तेव्हा युरोपभर फॅशनच होती, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका.

आता फोर्तुनाता इ हासिंता. १८८७ साली पुरी झालेली, चार भागांची प्रचंड कादंबरी, उपशीर्षक "विवाहित स्त्रियांच्या दोन कथा". हुआनितो सांता क्रुस हा श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा लाडावलेला एकुलता एक मुलगा, हासिंता त्याची मामेबहीण आणि बायको, फोर्तुनाता गरीब वस्तीतली मुलगी, त्याची रखेल, पुढे दुसऱ्याची बायको. ही कथा हजार वेळा लिहिली गेलीय. पण पहिलंच वाक्य बघा. निवेदक म्हणतो की हुआनितोबद्दलची माझ्याकडची सगळ्यात जुनी माहिती मला विल्यालोंगाने दिली. हा विल्यालोंगा कोण? हुआनितोचा कॉलेजातला दोस्त, त्याच्या भानगडींचा साथीदार! म्हणजे दोन बायकांची कथा सुरू होते ती एका रंगेल मित्राने सांगितलेल्या गप्पांवर. वर्गात या वाक्यावरून सगळे पुढे निघून जातात, मी त्यांना परत मागे आणते.

फोर्तुनाताची पहिली एन्ट्री स्पॅनिश साहित्यात फेमस आहे. १८६९ चा डिसेंबर, हुआनितो एका आजारी ओळखीच्या माणसाला भेटायला कावा दे सान मिगेलमधल्या ११ नंबरच्या घराचा जिना चढतोय, खाली कोंबड्यांचं दुकान आहे, आणि जिन्यात एक मुलगी उभी राहून कच्चं अंडं पितेय. उरलेलं त्याच्यापुढे धरून विचारते, हवंय का? त्याला कच्ची अंडी आवडत नाहीत, तो नको म्हणतो. ती उरलेलं पिऊन टरफल टाकते, खालून कोणीतरी तिच्या नावाने ओरडतं आणि ती पळत जाते. संपलं. निवेदक तिची शाल, तिचं कोंबडीसारखं पिसं फुलवणं, सगळं रसिकपणे वर्णन करतो, आणि तुम्ही म्हणाल की बघा, बाईला कोंबडी केलं. केलंच आहे, पण कोणाच्या नजरेतून? जिना चढणाऱ्याच्या. आणि त्या नजरेच्या मधोमध ती मुलगी आपलं अंडं आपल्या मजेत पितेय, तिला त्याची काही पडलेली नाही, उलट देऊ करते. पुढच्या हजारभर पानांत तिच्याकडून लोक घेतच राहतात आणि पहिल्याच भेटीत ती विचारते "हवंय का?", हे गाल्दोसने ठरवून केलं की आपोआप झालं, माहीत नाही, पण झालंय जबरदस्त.

मग ती गायब. पहिल्या भागात ती पुन्हा प्रत्यक्ष दिसतच नाही, दिसते ती फक्त लोकांच्या बोलण्यात. हनिमूनच्या प्रवासात हासिंता नवऱ्याकडून थोडं थोडं करून ती गोष्ट काढते, बुर्गोसपासून सेव्हियापर्यंत, आणि सेव्हियाला तो दारूच्या नशेत रडून उरलेलं ओकतो. म्हणजे फोर्तुनाताची दुसरी आवृत्ती फसवणाऱ्याच्या तोंडून, बायकोला गोड वाटेल अशी कापून-शिवून. आणि पहिल्या भागाच्या शेवटी विल्यालोंगा परत येतो. हुआनितो आजारी पडून आहे, हा त्याला सांगतोय की ती माद्रिदला परत आलीय, काय दिसते, काय कपडे घालते, आणि हासिंता खोलीत आली की पठ्ठ्या विषय बदलून जानेवारी १८७४ मध्ये जनरल पाव्हियाने संसद कशी बरखास्त केली ते सांगायला लागतो, ती बाहेर गेली की पुन्हा फोर्तुनाताचे बूट! देशात लोकशाही बुडतेय आणि या दोघांना दोन्ही गोष्टी एकाच चवीच्या. पुढे तिसऱ्या भागात तर हुआनितो बायकोकडे परत जातो त्या प्रकरणाचं नाव "विजयी पुनर्स्थापना" आणि परत फोर्तुनाताकडे जाण्याच्या वेळी राजकारणाचेच शब्द. बोरबोन राजघराणं १८७५ ला परत येतं आणि नवरा घरी येतो, ही थट्टा तेव्हाच्या वाचकाला लगेच कळली असणार.

दुसऱ्या भागात फोर्तुनाता प्रत्यक्ष येते आणि मग सुरू होतो "हिला घडवा" कार्यक्रम. माक्सी रुबीन, फार्मसी शिकणारा, हडकुळा, आजारी मुलगा, तिच्या प्रेमात पडतो आणि तिला शुद्ध बोलायला, घड्याळ बघायला, सभ्य व्हायला शिकवायचं ठरवतो. त्याच्या घरचे तिला मिकाएलास नावाच्या जोगिणींच्या मठात पाठवतात, सुधारून ये म्हणून. लग्न होतं, आणि लग्नाच्याच रात्री माक्सी डोकेदुखीने आडवा, तिकडे हुआनितोने शेजारचं घर आधीच भाड्याने घेऊन ठेवलंय. नंतर फेइहो नावाचा निवृत्त कर्नल, सत्तरीला टेकलेला, भला माणूस, तिला ठेवून घेतो आणि "व्यावहारिक तत्त्वज्ञानाचा कोर्स" देतो (प्रकरणाचं नावच तसं आहे), थोडक्यात काय, तर मन काहीही असो, बाहेरून इभ्रत सांभाळ. आणि गियेर्मिना, गरिबांसाठी अनाथाश्रम बांधणारी, सगळ्यांनी संत मानलेली, तीही येते तिला वळण लावायला. प्रत्येकाची पद्धत वेगळी. कोणी प्रेमाने, कोणी धर्माने, कोणी पैशाने. एकालाही ती काय म्हणतेय ते ऐकायचं नाहीये.

आणि ती काय म्हणतेय? तिच्या डोक्यात एक विचार आहे ज्याला कादंबरी "तो पाजी विचार" म्हणते. हासिंताला मूल होत नाही, मला त्याच्यापासून मुलगा झाला होता (तो लहानपणीच गेला), मग खरी बायको कोण? बस एवढंच. न शिकलेल्या बाईचं लॉजिक आहे, पण ते चर्च, कायदा आणि सांता क्रुस कुटुंब या तिघांच्या तोंडावर मारलेलं आहे, आणि मजा म्हणजे ते त्यांच्याच मालातून बनवलंय, कारण बाईची किंमत मुलावर ठरवा हे तिला शिकवलं कोणी? स्त्रीवादी वाचक इथे दोन तट करतात, काही म्हणतात की शेवटी गाल्दोसने बाईला गर्भाशयावरच आणून सोडलं. मला हा आक्षेप पूर्ण चुकीचा वाटत नाही. पण तिच्याजवळ दुसरं हत्यार होतं कुठे? तेव्हाच्या स्पेनमध्ये १८७० चा दंडविधान होता ज्यात बायकोला परपुरुषासोबत रंगेहाथ पकडून मारून टाकणाऱ्या नवऱ्याला शिक्षा फक्त काही काळ गावाबाहेर राहण्याची, आणि १८८९ च्या सिव्हिल कोडने तर सरळ लिहिलं की नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. युनिव्हर्सिटीत मुलींना विशेष परवानगीशिवाय प्रवेश मिळायला १९१० उजाडलं. अशा ठिकाणी फोर्तुनाताने अजून काय मुद्दा मांडायचा?

हासिंताबद्दल लोक कमी बोलतात, ती "चांगली बायको" म्हणून बाजूला पडते. तसं करू नका. हनिमूनमध्ये बार्सिलोनाच्या गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या मुली बघून तिच्या पोटात तुटतं आणि नवऱ्याने सांगितलेल्या फसवणुकीच्या गोष्टीत तिला कीव येते ती त्या दुसऱ्या मुलीची. शेवटी फोर्तुनाता दुसऱ्यांदा बाळंत होते, हुआनितोची नवी भानगड कळल्यावर ओल्या बाळंतपणात उठून त्या बाईला मारायला जाते आणि रक्तस्रावाने मरते, मरताना मूल हासिंताकडे पाठवते. इथे दोघींमध्ये, एक मेलेली आणि एक जिवंत, जे काही जुळतं ते पुरुषांच्या डोक्यावरून जातं. हासिंता नवऱ्याला सरळ सांगून टाकते की तू आता माझ्यासाठी कोणी नाहीस. घर सोडत नाही, सोडून जाणार कुठे, पण मनातून काढून टाकते. मला हा सगळ्या कादंबरीतला सर्वात थंड आणि सर्वात पुरा सूड वाटतो.

आता कौतुकाची दुसरी बाजू, त्रिस्ताना, १८९२. लहान पुस्तक, आणि गाल्दोसवर खटला भरायचा तर पुरावा हाच. दोन लोपे (हे "दोन" म्हणजे आकडा नव्हे, स्पॅनिशमधलं आपल्या "श्रीयुत"सारखं संबोधन) हा म्हातारा होत चाललेला डॉन हुआन, म्हणजे बायकांना नादी लावणारा रंगेल माणूस, अनाथ त्रिस्ताना त्याच्या आश्रयाला येते, आणि तो तिला मुलगी म्हणून आणि बाई म्हणून, सोयीप्रमाणे, वापरतो. ती जागी होते. मोलकरीण सातुर्ना तिला सांगते की बाईला तीनच धंदे, लग्न, नाटक, आणि तिसरा, ज्याचं नाव ती घेत नाही. त्रिस्तानाला चौथा हवाय. ती म्हणते मला स्वतंत्र आणि इभ्रतीने राहायचंय, चित्र शिकते, भाषा शिकते, ओरासियो नावाच्या चित्रकाराच्या प्रेमात पडते पण लग्न नको म्हणते. अर्धं पुस्तक तुम्ही खुर्चीच्या टोकावर. आणि मग तिच्या पायाला गाठ येते आणि पाय कापतात. हो, खरंच. सर्जन आहे आउगुस्तो मिकिस, तोच जो गाल्दोसच्याच आधीच्या ला देसेरेदादा या कादंबरीत विद्यार्थी म्हणून भेटला होता. त्यानंतर त्रिस्ताना धर्मात रमते, दोन लोपेशी लग्न करते कारण त्याच्या नातेवाइकांनी पैशासाठी तशी अट घातलीय, आणि गोड पदार्थ बनवायला शिकते. शेवटी निवेदक विचारतो की दोघं सुखी होते का, आणि उत्तर देतो, कदाचित.

एमिलिया पार्दो बासान, त्या काळातली मोठी कादंबरीकार आणि काही काळ गाल्दोसची प्रेयसी, हिने स्वतःच्या मासिकात त्याच वर्षी या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं आणि नेमकं बोट ठेवलं. तिचं म्हणणं असं की खरा विषय होता समाजाने सन्मानाने पोट भरायची वाट बंद केलेल्या बाईचं जागं होणं, लेखकाने ते क्षितिज दाखवलं आणि लगेच पडदा ओढला. इतक्या जवळच्या माणसाने इतकं स्वच्छ लिहावं, वा. तिचं स्वतःचं सांगायचं तर स्पॅनिश अकादमीने तिला बाई म्हणून आत घेतलं नाही, आणि गाल्दोस १८९७ ला आत जाऊन बसला. तिची त्याला लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत, त्याची तिला लिहिलेली जवळजवळ सगळी गेली, त्यामुळे या प्रकरणात निदान एकदा तरी बाईची बाजू पुरुषाच्या बाजूपेक्षा जास्त ऐकू येते. तिने १८९६ मध्ये मेमोरियास दे उन सोल्तेरोन लिहिली, तिथे फेइता नावाची नायिका पाय शाबूत ठेवून शिकते, कमावते. आणि तिथे निवेदक आहे एक अविवाहित पुरुष! म्हणजे गाल्दोसचीच युक्ती, उलटी फिरवून.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून विद्यार्थी नेहमी गप्प होतात. त्रिस्तानाच्या पत्रांतली चमक, ते शब्दांचे खेळ, यातलं बरंच कोंचा-रुथ मोरेल या नटीने गाल्दोसला लिहिलेल्या पत्रांशी जुळतं असं संशोधकांनी दाखवलंय. ती त्याची तेव्हाची मैत्रीण, तिलाही स्वतंत्र राहायचं होतं. म्हणजे नायिकेचा सगळ्यात जिवंत आवाज एका खऱ्या बाईकडून उचललेला, आणि शेवट लेखकाचा. "पुरुष लेखक बाईचा आवाज लिहू शकतो का" या प्रश्नावर तासभर चर्चा करण्यापेक्षा हे एक उदाहरण पुरे.

मग त्रिस्ताना फेल पुस्तक आहे का? माझ्या मते नाही, पण ते अस्वस्थ पुस्तक आहे. निवेदक दोन लोपेवर फिदा आहे, त्याच्या शिव्हलरीचं कौतुक करत राहतो, आणि बलात्काराच्या जवळ जाणारी गोष्ट विनोदी सुरात सांगतो. तो सूर वाचकाला खुपावा अशी रचना आहे असं मी मानते, माझे काही सहकारी मानत नाहीत. लुइस बुन्युएलने १९७० मध्ये सिनेमा केला तेव्हा त्याला हा "कदाचित" सहन झाला नाही बहुतेक, त्याची त्रिस्ताना म्हाताऱ्याला मरू देते, वर थंडीत खिडकी उघडते. सिनेमा भारी आहे, पण सिनेमा बघून पुस्तकाबद्दल मत बनवू नका, सूड बुन्युएलचा आहे.

माझ्या निवेदकवाल्या मुद्द्याचा सर्वात पक्का पुरावा मात्र ला दे ब्रिंगास (१८८४). रोसालिया ही राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कंजूष कारकुनाची बायको, कपड्यांची भयंकर हौस, लपून उधारी, नवरा काही दिवस आंधळा होतो तेव्हा ती पैसे फिरवते. कर्ज फेडायला ती एका बड्या अधिकाऱ्याला शरीर देते, आणि त्याच्याकडे पैसेच नसतात! मग १८६८ ची क्रांती होते, राणी पळते, नवऱ्याची नोकरी जाते, आणि रोसालिया शांतपणे कुटुंब पोसायला तोच धंदा पद्धतशीर करायला लागते. बरेच समीक्षक तिला उथळ, हावरट वगैरे म्हणत आले. पण शेवटच्या परिच्छेदात निवेदक सहज सांगून जातो की नंतर ती माझ्याकडेही आली, आमची ती महागडी मैत्री तिला पुढे चालू ठेवायची होती, पण मीच ती थांबवली, तिने कुटुंब पोसावं हे ठीक, मी का पोसावं? म्हणजे अख्खं पुस्तक तिच्या नैतिकतेवर नाक मुरडणारा हा गृहस्थ तिचं गिऱ्हाईक होता. वाचून झाल्यावर पहिल्या पानापासून सगळं परत वाचावं लागतं.

आणि एक नायिका अशी जिच्याकडे कोणी "त्या" नजरेने बघतच नाही. मिसेरिकोर्दिया (१८९७) मधली बेनिना, म्हातारी मोलकरीण, कंगाल झालेल्या मालकिणीला जेवू घालण्यासाठी सान सेबास्तियान चर्चच्या दारात भीक मागते आणि तिला सांगते की मी दोन रोमुआल्दो नावाच्या पाद्र्याकडे स्वयंपाकाला जाते. खोटा पाद्री, आणि पुढे त्याच नावाचा खरा येऊन उभा राहतो. ही बाई गोष्टी रचते, म्हणजे लेखकाचंच काम करते, आणि इथे निवेदक बराच गप्प होतो. मालकिणीला पैसा मिळाल्यावर हिला घरात जागा नसते. हे पुस्तक लिहिण्यासाठी गाल्दोस महापालिकेचा डॉक्टर असल्याचं सोंग घेऊन माद्रिदच्या गलिच्छ वस्त्यांमध्ये फिरला होता, हे त्यानेच पुढे एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलंय.

बाकीच्या पुरुष लेखकांचं तुम्ही विचारलंत, तर क्लारीन या लेखकाची ला रेहेंता (१८८४-८५) ही कादंबरी घ्या, काहींना ती गाल्दोसपेक्षा मोठी वाटते. आना ओसोरेस, एक प्रौढ नवरा, एक धर्मगुरू आणि एक गावचा छैला, आणि गाव म्हणजे व्हेतुस्ता, मूळचं ओव्हिएदो. तिथे गावच निवेदक आहे असं म्हणता येईल, सगळं शहर त्या बाईच्या पडण्याची वाट बघत बसलेलं. पण तिथला लेखक पात्रांपासून जरा लांब, हुशारीने वर बसतो, गाल्दोससारखा त्यांच्यात मिसळत नाही. हुआन व्हालेराची पेपिता हिमेनेस (१८७४) गोड आहे, पण तिथली पेपिता बरीचशी एका सेमिनरीतल्या पोराच्या पत्रांमध्येच राहते.

मराठी वाचकाला इथे हरिभाऊ आपटे आठवणारच, आणि काळही तोच, "पण लक्षात कोण घेतो?" १८९० च्या सुरुवातीची. हरिभाऊंनी उलट केलं, यमूलाच बोलायला लावलं, पुरुष लेखक मधून बाजूला झाला. तिथे प्रश्न असतो की हा आवाज कितपत तिचा. गाल्दोसकडे प्रश्न असतो की एवढ्या पुरुषांच्या गोंगाटातून तिचा आवाज ऐकू येतो का. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, फायदा होईल, पण कोण मोठा असली स्पर्धा लावू नका.

सुरुवात कुठून करायची तर स्पॅनिश येत असेल तर त्रिस्ताना, लहान आहे, भाषाही फार अवघड नाही, आणि लगेच पार्दो बासानचं परीक्षण. इंग्रजीतून वाचणार असाल तर त्रिस्ताना मार्गारेट जल कोस्टाचं आणि फोर्तुनाता अ‍ॅग्नेस मन्सी गुयोनचं भाषांतर शोधा, दुसरं जाडजूड आहे पण पहिल्या भागातले व्यापारी घराण्यांचे वंशवेल कंटाळा आला तर सरळ भराभर उलटा, मी सुद्धा वर्गात तेच सांगते. विल्यालोंगा आणि पाव्हियावालं प्रकरण मात्र सोडू नका. आणि ला दे ब्रिंगासचं शेवटचं पान आधी उघडून बघू नका.